हिरव्या पेनाने कापलेले मार्क

माझी सून स्वतःचा पेपर स्वतःच तपासून नापास झाली. असं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. दुसऱ्याने नापास केलं तर समजतं. त्याला झोप आली असेल, घरून भांडून आला असेल, तुमचं तोंड आवडत नसेल. पण पेन आपल्या हातात, पेपर आपला, वर गोल काढून नंबर टाकायचा तो पण आपणच, आणि टाकायचा काय, तर वीसपैकी सात?

हे ती जेवताना सांगत होती. मला नाही, माझ्या मुलाला. पण घर जुनी इंदूरमधलं, दोन खोल्यांचं, कोणी कोणाला वेगळं काही सांगू शकत नाही.

"मग तुमची ती मॅडम काय करते?" मी मधेच विचारलं. "पगार कशाचा घेते?"

"बाबा, ती पद्धत आहे त्यांची. गणिताचं क्विज झालं की बोर्डावर उत्तरं लिहून देतात, आम्ही आमचं आम्ही तपासायचं. त्याने कळतं कुठे चुकलं ते."

"मग कळलं ना?"

"कळलं," ती बोलली. "कळलं की मला नाही जमत. सोमवारी जाऊन नाव काढून घेते."

मुलगा बोलला, "नसेल जमत तर राहू दे यार. कोणी जबरदस्ती केलीये?"

मुलगा वाईट नाही. पीथमपुरला कारखान्यात शिफ्ट करतो, घरी आला की त्याला फक्त पंखा आणि शांतता लागते. पण जबरदस्ती कोणी केली होती ते त्यालाही माहीत होतं. त्याच्या आईने.

सून देपालपुरची. लग्नाआधी बी.एस्सी. करत होती, एक वर्ष झालं आणि तिच्या बापाने लग्न लावून दिलं. माझी बायको स्वतः चौथी शिकलेली. तिला गणितातलं काही कळत नव्हतं, पण सून भाजीवाल्याशी बोलता बोलता हिशोब तोंडी करते हे तिने पाहिलं होतं. आठ वर्षं ती मागे लागली. शेवटी मागच्या जुलैमध्ये सुनेला हाताला धरून भंवरकुआंच्या बाजूच्या त्या कॉलेजात घेऊन गेली आणि नाव घालून आली. नात तेव्हा केजीत जायला लागली होती. बायको म्हणाली, "पोरीला मी बघते, चूल मी बघते, तू फक्त पास हो."

दिवाळी झाली, त्यानंतर ती गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी जास्त लिहीत नाही त्यावर, लिहिता येत पण नाही.

तेराव्याला नातेवाईक जमले होते. त्यातल्या एका आत्याबाईने पानावर बसल्या बसल्या विषय काढला, "आता सून घरीच बसेल ना, पोरीला कोण बघणार?" मी सगळ्यांसमोर बोललो, "मी बघीन. माझे काय हात तुटलेत?" बाई जिलबी न खाताच उठल्या. माझी बोलायची पद्धत अशीच आहे. मिलमध्ये होतो, मिल बंद पडली तर टेंपो चालवला, गोड बोलायची नौबत कधी आली नाही.

तर पोरीला मी बघतो, आणि चूल पण बघतो. चूल बघतो म्हणजे काय, आधी तर कुकर बघायला शिकलो. डाळीला किती शिट्ट्या लागतात हे मला माहीतच नव्हतं. इतकी वर्षं शिट्ट्या माझ्या कानावर पडत होत्या आणि मी एकदाही मोजल्या नव्हत्या. पहिल्या आठवड्यात डाळ कधी खडी, कधी पाणी. सून गुपचूप खायची. मला राग यायचा, की ही काही बोलत का नाही.

म्हणून त्या सात नंबराचा मला झटका बसला. माझ्या बायकोने जे एक काम अर्धं ठेवून सोडलं, ते सोमवारी बंद पडणार होतं. आणि कोणामुळे? त्या मॅडममुळे, जी स्वतः पेपर तपासायला आळस करते. मी ठरवलं, जाऊन तिला दोन शब्द सुनवायचे.

दुसऱ्या दिवशी रोजच्यासारखं सुनेला स्कूटरवर कॉलेजला सोडलं. ती आत गेली तशी मी स्कूटर स्टँडवर लावली आणि मागून निघालो. गेटवरच्या गार्डने हात आडवा केला.

"बाऊजी, किधर?"

"गणित वाली मैडम से लड़ने."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "दूसरी मंज़िल," बोलला. "पर भिया, वो जीतती है."

मॅडम जिन्यातच भेटली. सुनेपेक्षा वयाने लहान असेल, ओढणीला खडू लागलेला, हातात कागदांचा गठ्ठा. मी कोण ते सांगितलं आणि लगेच सुरू झालो, की हे काय चाललंय, पोरांकडूनच पेपर तपासून घेताय, उद्या म्हणाल पोरांनीच शिकवायचं पण. तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग बोलली, "बाबूजी, अभी क्विज है. आप पीछे बैठ जाइए, एकदम चुप. लड़ाई बाद में करेंगे, पक्का."

आता पक्का म्हटल्यावर काय करणार. बसलो शेवटच्या बाकावर. वर्ग भरलेला. सून पुढे दुसऱ्या रांगेत, मान खाली घालून काहीतरी वाचत होती, तिने मला पाहिलंच नाही. माझ्या शेजारी एक मुलगा होता, कानात बाळी. तो हळूच म्हणाला, "अंकल, आपकी भी बैक लगी है क्या?" म्हणजे माझा पण विषय राहिलाय का.

"नहीं," मी बोललो. "मैं तो पाँचवीं में ही पूरा पास हो गया था."

तो हसला आणि मॅडमने फक्त बघितलं. दोघेही चूप.

पेपर वाटले. सगळे लिहायला लागले. मला वाटलं होतं इथे गोंधळ असेल, कॉपी असेल, पण पंख्याचा आवाज सोडून काही नव्हतं. वेळ झाली तशी मॅडम बोलली, "नीला पेन बैग में." सगळ्यांनी निळी पेनं बॅगेत टाकली, चेन लावली, बॅगा खाली. मग प्रत्येकाने हिरवं पेन काढलं. मला नंतर कळलं, हिरवंच का. लाल मास्तरचं असतं, म्हणून मॅडमला लाल नको. निळी पेनं आत गेली की उत्तरात खाडाखोड करता येत नाही, फक्त खूण करता येते. डोकं आहे बाईला.

मग ती बोर्डावर एकेक सवाल सोडवायला लागली, आणि मी वर्ग बघायला लागलो. बोर्डावरचं मला काय कळणार. पण माणसं कळतात. माझ्या शेजारचा बाळीवाला, त्याचं पहिलं चुकलं, त्याने बोर्ड पाहिलं, पेपर पाहिला, मग छतावरचा पंखा पाहिला, आणि अर्धा नंबर देऊन टाकला स्वतःला. कोपऱ्यातली एक मुलगी बरोबर आलं की ओठ दाबून हसू आवरायची. एकजण तर कपाळावर हात मारून जोरात म्हणाला, "अबे यार, प्लस को माइनस!" सगळे हसले. पुढे त्याने ते बाजूला लिहून पण ठेवलं, कारण नियम तो होता. नंबर कापला तर बाजूला लिहायचं, का कापला.

आणि माझी सून. मला तिची पाठ दिसत होती आणि उजवा कोपर. बोर्डावर उत्तर आलं की ती तिकडे एकदा बघायची आणि कोपर सर्रकन आडवा जायचा. कापलं. परत बघायची. कापलं. विचार नाही, थांबणं नाही. बाजूला काही लिहिणं पण नाही. बाकी पोरं स्वतःशी घासाघीस करत होती, आणि ही जणू वाटच बघत होती कापायची.

तो कोपर मी ओळखला.

माझी बायको ताट वाढताना अशीच करायची. मी घास तोंडात घालायच्या आधीच तिचं सुरू. आज भाजी जरा तिखटच झालीय हं. पोळ्या आज नीट फुगल्या नाहीत. वरणाची फोडणी करपली जरा. मी म्हणायचो, मस्त आहे. ती म्हणायची, "तुम्हाला काय कळतं, तुम्ही तर दगडपण खाल." जन्मभर मी म्हणालो मस्त आहे आणि जन्मभर तिने ते मानलं नाही. आमच्याकडच्या सगळ्याच बायका हे करतात. कोणी नावं ठेवायच्या आधी आपणच ठेवून मोकळ्या होतात, की मग दुसऱ्याला बोलायला जागाच नको. सून आठ वर्षं तिच्या बाजूला ओट्याशी उभी राहिली. भरली वांगी शिकली, चकली शिकली, तसं हे पण शिकली.

मला तिथे बाकावर बसल्या बसल्या कसंतरी झालं. डोळे पुसावेत तर बाळीवाला बघेल. मी नाक शिंकरलं.

तास संपला. सून पुढच्या लेक्चरला निघून गेली, मी अजून तिच्या नजरेला पडलो नव्हतो. मॅडम माझ्याजवळ आली. "हाँ बाबूजी, अब लड़िए."

माझी लढाई तर विझली होती. मी एवढंच बोललो, "मैडम, ये लड़की गलत नहीं काटती होगी, पर बिना देखे काटती है. इसकी सास भी ऐसी ही थी."

मॅडमने गठ्ठ्यातून तिचा पेपर काढला आणि माझ्यासमोर धरला, जसं काही मला त्यातलं गणित कळणार होतं. "मुझे पता है," ती म्हणाली. "देखिए, ये सही है. ये भी सही है. तरीक़ा अलग है, जवाब अलग दिखता है, पर सही है. इसने काट दिया."

"तो आप बढ़ा दो!"

"पहले क्विज में बढ़ाए थे. पता है क्या बोली? थैंक यू मैडम. जैसे मैंने दया की हो. अगली बार और ज़्यादा काटे." मॅडमचा आवाज जरा चिडलेला होता. "जो ज़्यादा देते हैं उनके मैं काट लेती हूँ. जो कम देते हैं, उन्हें ख़ुद आकर माँगना पड़ेगा. नंबर तो आख़िर में मैं ठीक कर दूँगी, फ़ेल नहीं होने दूँगी. पर उससे क्या होगा?"

ते मला पण समजलं. नंबर ही वाढवेल, आणि सून तरी सोमवारी नाव काढेल, कारण तिच्या मनात ते नंबर मॅडमचे, तिचे नाहीतच.

"आप घर पर कुछ मत बोलिएगा," मॅडम म्हणाली. "बोल दिया तो वो आपका दिया हुआ हो जाएगा."

आता हे कोणाला सांगत होती ती? मला. ज्याने तेराव्याच्या पंगतीत आत्याबाईला उठवलं, त्याला. मी स्कूटरवर बसून घरी आलो आणि रस्ताभर जीभ दाताखाली धरून ठेवली होती असं समजा.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. सून कॉलेजची पुस्तकं एका पिशवीत भरून ठेवत होती, शेजारच्या कोणाला तरी द्यायला. मी बघत होतो आणि गप्प. मुलाने विचारलं पण, "बाबा, तब्येत ठीक आहे ना? दोन दिवस झाले कोणाला काही बोलला नाहीत."

रविवारी दुपारी मी आमटी केली. तोवर माझी आमटी बरी व्हायला लागली होती, खोटं कशाला बोलू. सगळे जेवायला बसले, मी वाढली, आणि सून काही बोलायच्या आत मीच बोललो, "आजच्या आमटीला माझे दहापैकी नऊ."

मुलाने मान वर केली. सून बघतच राहिली. "नऊ?"

"नऊ."

"बाबा, नऊ?" तिने एक घोट घेतला. "अहो, खारट आहे!"

"कुठे खारट आहे?"

"कुठे म्हणजे काय, सगळीकडे."

"नुसतं खारट बोलून नाही चालत. तोंडी नाही कापायचे नंबर. परत खा आणि सांग, मीठ किती जास्त, कशाने जास्त."

नातीने घाबरून स्वतःची वाटी जवळ ओढली. सुनेने परत घोट घेतला. तिचं तोंड बघण्यासारखं होतं, ती खरंच विचार करून राहिली होती. मग हळू बोलली, "मीठ नाही. चिंच जास्त झालीय. मला ते खारट वाटलं."

"मग किती?"

"आठ."

"साडेआठ."

"आठ! साडेआठ कशाचे? कोथिंबीर पण नाही घातलीत!"

"आठ घेतो," मी बोललो. "हे झालं तपासणं. चूक दाखवून दिलीस, नंबर गेला, मला मान्य आहे. नाही दाखवता आली तर नंबर माझा."

यापुढे मी एक अक्षर बोललो नाही. देवाशपथ. मुलगा हसत होता, म्हणाला बाबा तुम्ही तर हॉटेलच काढा. सून हसली नाही. ती आमटीच्या वाटीकडे बघत बसली होती, घास हातात तसाच. मग उठली, हात धुतला, आणि ती बांधून ठेवलेली पिशवी उघडली.

गॅलरीत उन्हात सतरंजी टाकून ती बसली आणि परत मिळालेले सगळे क्विजचे कागद तिने समोर पसरले. दुपारभर तिथेच. कोरे कागद घेऊन सवाल परत सोडवत होती. मधे एकदा ओठातल्या ओठात म्हणाली, "अरे!" मग जरा वेळाने मोठ्याने, "अरे, हे तर..." आणि परत खाली मान. नातीने तिच्यापाशी जाऊन चित्र काढायला कागद मागितला तर तिने न बघता एक दिला. मी चहा करून बाजूला ठेवला, तो गार झाला. मी भांडी घासली आणि आवाज करू दिला नाही, हे माझ्यासाठी मोठं काम आहे.

सोमवार उजाडला. नाव काढायचा दिवस. सून तयार झाली, कागद पर्समध्ये घातले, चेहऱ्यावरून काही समजत नव्हतं. कॉलेजच्या गेटवर उतरताना म्हणाली, "बाबा, आज थांबाल का? जास्त वेळ नाही लागणार." नाव काढायला जास्त वेळ लागत नाही, हे मला माहीत होतं.

मी समोरच्या टपरीवर बसलो. एक चहा झाला. दुसरा झाला. टपरीवर कोचिंगची पोरं पोहे खात होती, त्यांचं आपलं काहीतरी कटऑफ, रँक चाललं होतं. वेळ फार लागत होता. मी विचार करत होतो की तिला काय सांगायचं. की बेटा, ठीक आहे, नाही जमलं तर नाही जमलं. मी ते वाक्य मनात दोनदा बोलून पाहिलं, आणि दोन्ही वेळा ते तोंडात बसेना.

मग ती जिन्यावरून उतरताना दिसली. धाडधाड उतरत होती. चेहरा लाल. मी उठलो. मला वाटलं रडली.

"काय झालं?"

"दोन दिले," ती बोलली. "आणि तिसरा दिला नाही!"

"काय दिलं?"

"मार्क, बाबा! मी सांगितलं ना तिला, हा सवाल बघा. बोर्डावर साइनचा स्क्वेअर आला होता, माझा कॉसचा आला, मायनस लावून. मी बघितलं वेगळं आहे आणि सरळ कापून टाकलं. काल परत केलं तर कळलं, दोन्ही बरोबर आहेत! दोघांत फक्त एका आकड्याचा फरक आहे, आणि तो तर शेवटी कॉन्स्टंट म्हणून सी लिहितो त्यात जाऊनच राहिला! मॅडमला समजावलं, तिने लगेच मानलं. दुसरा पण मानला. तिसऱ्याला म्हणते, मधली पायरी लिहिली नाही म्हणून नाही देणार."

"मग? लिहिली होतीस का पायरी?"

"डोक्यात केली होती! डोक्यात केली म्हणजे केलीच ना? उत्तर काय आकाशातून पडलं? मी तिला तसंच बोलले. तर म्हणते, डोकं मला दिसत नाही, कागद दिसतो. अर्धा तास भांडले मी. वर्गातली पोरं येऊन बघायला लागली."

ती हे भर रस्त्यात, भंवरकुआंच्या गर्दीत, हात हलवून हलवून सांगत होती. जाणारा एक ऑटोवाला वळून बघत गेला. इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी तिला आठ वर्षांत पाहिलं नव्हतं. मी जपून विचारलं, "आणि ते नाव काढायचं होतं, त्याचं?"

"कशाचं नाव?" ती चिडूनच बोलली आणि स्कूटरवर मागे बसली. "बाबा, उद्या जरा लवकर सोडा मला. ती पहिल्या लेक्चरच्या आधी खोलीत एकटी असते. ती पायरी लिहून नेते आणि बघते कशी नाही देत."

मी म्हटलं, नऊला निघू.

"साडेआठला," ती बोलली.